गाडी उभी राहते ती जागा

"गाडी मागून बघू. आधी ती रोज उभी राहते ती जागा दाखवा."

जुनी मोटरसायकल बघायला गेलं की मामांचं पहिलं वाक्य हे असायचं. विकणारा बिचारा पहाटेपासून पुसून लखलखीत केलेली गाडी दारात धरून उभा, आणि मामा तिच्याकडे पाठ करून त्याच्या अंगणात उकिडवे बसलेले. मातीवर बोट फिरवायचे, बोट नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे. अत्तराच्या दुकानात बसावं तसे. "मालक काय सांगायचं ते सांगंल. तेल किती गळतं ते जमिनीलाच इचारावं."

मामा, म्हणजे सगळ्या पंचक्रोशीचेच मामा, मिस्त्री नव्हते. सेनगावच्या बाजूला एका तांड्यावर त्यांची थोडी शेती होती. हातात पाना धरलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्यांना गाडी चालवताही येत नव्हती. ते मागे बसायचे. "पुढं बसणारा रस्ता बघतो. गाडी बघायची तर मागंच बसावं." ही पारख आली कुठून, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आज्याला बैल कळायचा. बैल गेले, ह्या आल्या. लंगडणं सारखंच हाय."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा साखऱ्याला प्राथमिक शाळेत गुरुजी होतो. आसपासच्या गावांत कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी तांड्यावर जायचा. मामा पैसे घेत नसत. सौदा पटला तर घेणाऱ्याने एक चहा पाजायचा, बस्स. विकणाऱ्याच्या घरचं मात्र पाणीसुद्धा नाही.

किक मारण्याआधी ते इंजिनाला उलटा हात लावून बघायचे, आईनं लेकराचा ताप बघावा तसा. गरम लागलं, म्हणजे मालकानं आधीच चालू करून तापवून ठेवलेलं, की चप्पल घालून निघायचे. हिंगोलीत एका मालकानं सारवासारव केली, "धूप में खड़ी थी, मामा." मामांनी आधी सीटवर हात ठेवला, मग इंजिनावर. "सीट गार अन् इंजन गरम. तुमच्याकडं ऊन वाकून खालून शिरतं काय?"

जवळा बाजारला एकजण शपथेवर सांगत होता, गाडी रोजच्या वापरातली आहे. किक मारली, इंजिन धडधडलं, आणि गल्लीतलं कुत्रं असं काही भुंकत सुटलं की बायका दारात आल्या. मामांनी हात जोडले. "मालक, तुमच्याच गल्लीतल्या कुत्र्याच्या वळखीची न्हाई ही. म्या कशी वळख दाखवू?"

माझी साडेतीनशे सीसीची जुनी, जड फटफटी त्यांनीच निवडून दिली होती. सात-आठ वर्षं तिनं मला कुठं रस्त्यात सोडलं नाही. पुढे वय झालं तिचं. रात्रभर खालून तेल गळायचं. दर दोन दिवसांनी मी मापभर तेल ओतायचो, की पुन्हा ठणठणीत. तोवर कमी पेट्रोल पिणाऱ्या हलक्या गाड्या गावोगाव झाल्या होत्या. मलाही तशी हवी होती.

गिऱ्हाईक मिळालं. जवळा बाजारचा एक बँडमास्तर. वरातीच्या पुढे धडधडत जायची त्याला हौस. म्हणाला, "रविवारी मामाला घेऊन येतो."

आता पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

रविवारी पहाटे मी रॉकेलच्या फडक्यानं इंजिनाचं पोट पुसलं. मग खुरपं घेतलं आणि गाडीखालची काळी झालेली माती खरवडून कुंपणापलीकडे टाकली. तिथं नवी माती पसरली. बायको अंगण सारवत होती. तिला म्हणालो, "त्या कोपऱ्यातही हात फिरव."

"तिथं काहून? तिथं कोन जेवाय बसून राहिलं?"

"फिरव म्हणतो ना."

तिनं फिरवला. मामा आले तेव्हा सारवण ओलं होतं, बोटांची नक्षी उठून दिसत होती. मामांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. मी कोपरा दाखवला.

ते गेले. सारवणाच्या कडेला थांबले आणि त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. मला वाटलं, आता वाकतात आणि बोट फिरवतात. पण ते तिथूनच माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, लई झाक सारवलंय. यावर बोट उठवू वाटंना." आणि परत फिरले.

बाकी सगळं त्यांनी रीतसर केलं. इंजिनाला हात लावला, गार होतं. मागे बसून फाट्यापर्यंत जाऊन आले. तेल भरलेलं होतं, आवाज सुरेख होता. बायकोनं चहा आणला तर म्हणाले, "आज नगं. आज गुरुजी विकणारे हायेत." मग बँडमास्तरकडे वळले. "गुरुजीची गाडी हाय. डोळे झाकून घ्या."

तेलाचं मी बँडमास्तरला सांगितलं नाही. पंधराव्या दिवशी एका लग्नाला जाताना भर माळावर इंजिन जाम झालं. नवरदेव घोड्यावर, ढोलताशे तयार, आणि क्लॅरिनेट घेतलेला मास्तर तीन कोस मागे गाडी ढकलतोय. नवरदेवाच्या चुलत्यानं अखेर शिट्टी वाजवून वरात हलवली म्हणतात. तेव्हा मीही हसलो होतो. पण बँडमास्तरचं तोंड म्हणजे भोंगाच. त्या हंगामात जितकी लग्नं लागली तितक्या मांडवांत त्यानं सांगितलं, "मामानं गुरुजीकडून खाल्लं."

ज्या माणसानं विकणाऱ्याच्या घरी पाणी घेतलं नाही, त्याच्याबद्दल हे. तांड्यावर गाडी दाखवायला येणारी माणसं थांबली.

महिनाभरानं मामा माझ्याकडे आले. मला वाटलं, आता विचारणार. उत्तरं तयार होती. ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमाला उगा बट्टा लागला माझ्यापायी. तेल गळत असणार, तुमच्या ध्यानात आलं नसंल. पण म्या काहून बघितलं न्हाई? नजर गेली माझी."

खरं बोलायला तेवढी एक जागा होती. मी म्हणालो, "चालायचंच, मामा. वय झालं की होतं असं."

गाडी विकली ती लबाडी. पण हे वाक्य त्याहून वाईट.

मामा हिंगोलीला गेले आणि त्यांनी चष्मा केला. स्वतःच सांगत होते, "दुकानवाला म्हणतो, बाबा, नजर बराबर हाय, नंबरच न्हाई. म्या म्हणलं, तुला काय ठावं? काच घाल." तो बिननंबरचा चष्मा लावून ते फिरायचे. पुन्हा त्यांनी कुणाची गाडी बघितली नाही.

काही वर्षांनी ते वारले. मध्यंतरी मी बँडमास्तरला गाठून सगळं सांगितलं. तो आता दमेकरी म्हातारा आहे. खोकत खोकत त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "मला काहून सांगून राहिले, गुरुजी? आन् म्या तरी आता कोणाला सांगू?" म्हणून इथं लिहितो आहे. मामांनी कुणाचं काही खाल्लं नाही. त्यांची नजर शाबूत होती.

ते शेवटचे दिसले जवळा बाजारच्या आठवडी बाजारात. मी भाजीच्या टोकाला होतो, ते पार पलीकडे दोरखंडवाल्यापाशी. मध्ये गाड्या, बैल, धूळ, शेकडो माणसं. त्यातून हाक आली, "ओ गुरुजी!" मी वळून वळून बघत होतो, मला ते दिसेनात. जवळ आले तेव्हा चष्मा खिशात होता.

तेवढ्यात एका तरुणानं त्यांना गाठलं. "मामा, एक गाडी बघायची होती. येता का उद्या?"

मामांनी घाईघाईनं खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "न्हाई बापू. आता दिसत न्हाई मला. इचार पाहिजे तर गुरुजींना."

तो तरुण माझ्याकडे बघू लागला. मी मान खाली घातली आणि पिशवीतली वांगी सारखी करत राहिलो.