मोटरसायकलला मोटारीचा टायर

मी लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा घरात एक मोटरसायकल होती आणि तिचा मागचा टायर गेलेला होता. गेलेला म्हणजे जागेवरच होता, पण टकलासारखा गुळगुळीत, आणि दोन ठिकाणी आतलं कापड दिसत होतं. लष्कराने लिलावात काढलेली ती विलायती गाडी माझ्या यजमानांनी लग्नाआधीच घेऊन ठेवली होती. तिच्यावरून तंजावर, रामेश्वर, जमलं तर कन्याकुमारी करायचं त्यांच्या मनात होतं. ते कॉलेजात गणित शिकवायचे, त्यामुळे अंतरं, वेग, पेट्रोल, सगळं वहीत काढून तयार होतं. फक्त टायर मिळत नव्हता. बाहेरून माल येणं जवळजवळ बंद झालेलं. माउंट रोडवरचा दुकानदार दर खेपेला "पुढच्या महिन्यात या" म्हणायचा, आणि ते इतक्या अदबीने की यजमान खूश होऊन परत यायचे.

आम्ही तिरुवल्लिकेणीत, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत राहत होतो. घरात माणसं तीन. तिसरे मामंजी, म्हणजे माझे सासरे. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं कैक पिढ्यांचं तंजावरचं. मराठी असं की एखाद्या जुन्या दस्तऐवजातून उचलून आणलंय, आणि त्यावर सूर पुरता तमिळ. मी सदाशिव पेठेतली. पहिले सहा महिने आम्ही दोघं एकमेकांशी शुद्ध मराठीत बोलत होतो आणि दोघांनाही निम्मंच कळत होतं.

एका रविवारी यजमान पुदुपेटच्या जुन्या सामानाच्या बाजारातून खांद्यात टायर अडकवून आले. चेहरा गणित सुटल्याचा.

"मिळाला!" ते म्हणाले. "युद्धाआधीच्या एका चिमुकल्या मोटारीचा आहे. नवा कोरा. चाकाचं माप अगदी तेच."

मामंजींनी चष्मा वर सरकवून टायर पाहिला. "मोटारीचा टायर मोटरसायकलीस?"

"अप्पा, टायर म्हणजे शेवटी वर्तुळ. व्यास जुळला की झालं."

"तुम्हांस ठाऊक," मामंजी म्हणाले आणि पेपरात शिरले. मुलावर राग आला की ते त्याला अहो-जाहो करत.

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने टायरला हातही लावला नाही. "वेंडाम, सार," तो म्हणाला. नको. मग माझ्याकडे वळून, मला तमिळ बेताचंच येतं हे जाणून, त्याने हातांनी समजावलं. मोटरसायकल वळताना कलते, म्हणून तिचा टायर गोलसर. मोटार कलत नाही, म्हणून तिचा टायर पाटासारखा सपाट. त्याने तळहात उपडा धरून काठावर कलवून दाखवला. मला पटलं. यजमानांना पटलं नाही, कारण त्यात आकडा नव्हता.

तेव्हा काम घरीच झालं. मागच्या अंगणात चाक आडवं टाकलं. टायर चढवायच्या लोखंडी पट्ट्या दोन हव्यात, आमच्याकडे एकच होती. दुसरी म्हणून माझं डोशाचं उलथणं गेलं. साबणाचं पाणी कडेला फासायचं, पट्टी खुपसायची, उलथण्याने दाबायचं, की पलीकडची कड निसटायची. मी चाकावर उभी राहून वजन देत होते. माझं वजन पुरत नव्हतं. शेवटी मामंजी धोतर सावरत आले आणि चाकाच्या दुसऱ्या टोकावर उभे राहिले. मग हवा भरली. टायर बंदुकीसारखा फाटकन आवाज करून जागेवर बसला. शेजारच्या बाई धावत आल्या. उलथणं धनुष्य झालं होतं.

चाक गाडीत घालताना कळलं की टायर रुंद आहे आणि साखळीवरच्या पत्र्याला घासतो. यजमानांनी पत्रा काढून ठेवला. "तो शोभेचाच असतो," ते म्हणाले. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसणार होते, आणि साखळी त्याच बाजूला होती. तो पत्रा कशासाठी असतो हे मला पहिल्याच फेरीत साडीच्या काठावरून समजलं.

सरळ रस्त्यावर मात्र गाडी झकास चालायची. मरीनावरून गेलो तेव्हा यजमान ओरडून म्हणाले, "बघ, कशी स्थिर आहे!" स्थिर होतीच. इतकी की रस्त्याच्या टोकाशी वळायचं होतं तिथे ती वळली नाही. यजमानांनी हँडल ढकललं, अंग कलवलं, मलाही कलायला सांगितलं, तेव्हा कुठे ती नाइलाजाने, मोठ्या माणसाने मुलाचं ऐकावं तशी, फिरली.

"सवय व्हायला हवी," ते म्हणाले.

"कोणाला?" मी विचारलं.

सवय व्हावी म्हणून पुढच्या रविवारी महाबलीपुरमला निघालो. दहीभात, लिंबाचं लोणचं, पाण्याची सुरई. अड्यार ओलांडल्यावर रस्ता अरुंद झाला. डांबर मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरतं. मोटारीच्या टायरला तो उतार फार आवडला. गाडी आपली डावीकडे, डावीकडे. यजमान तिला उजवीकडे ओढून आणायचे, ती परत उताराला लागायची. केळंबाक्कमच्या अलीकडे, सिरुसेरी नावाच्या खेड्यापाशी, रस्ता उजवीकडे वळला. आम्ही वळलो नाही. अगदी स्थिरपणे, जराही न डगमगता, आम्ही रस्ता सोडून भाताच्या खाचरात गेलो.

लागलं कोणाला नाही. कमरेपर्यंत चिखलाने माखलो. लावणी करणाऱ्या बायका कंबर सरळ करून आमच्याकडे पाहत राहिल्या, मग एकीला हसू फुटलं आणि ते सगळ्या ओळीत पसरलं. मलाही फुटलं. त्या शहरात आल्यापासून इतकी मी हसलेच नव्हते. यजमान चिखलात उभे राहून त्या वळणाची त्रिज्या मोजत असावेत. त्याच बायकांनी गाडी ढकलून वर काढून दिली, आणि दहीभात आम्ही त्यांच्याबरोबर बांधावर बसून खाल्ला. महाबलीपुरम राहिलं.

त्यानंतर गाडी तीन महिने अंगणात उभी होती. तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं, हे मामंजींचं औदार्य. तोडगा निघाला तो त्या मेकॅनिककडूनच. एक दिवस तो स्वतः दारात आला. "टायर उत्तम आहे, सार. गाडी कलली नाही तर हाच टायर हवा. शेजारी तिसरं चाक लावा." त्याच्याकडे एक जुनी साइडकार पडून होती, होडीसारखी निमुळती. यजमानांनी आठवडाभर विचार केला. मग गाडी कललीच नाही तर सपाट टायर योग्य, असं त्यांनी आम्हाला स्वतःचं म्हणून सिद्ध करून दाखवलं. त्याबरोबर मेकॅनिकने साखळीचा पत्राही ठोकून, वाकवून परत बसवला.

साइडकार माझ्यासाठी, असं ठरलं होतं. पण ती आली त्या संध्याकाळी मामंजी "परीक्षा करून पाहतो" म्हणून आत बसले, मांडीवर छत्री आडवी ठेवून, आणि मग उठलेच नाहीत. देवळात, वाचनालयात, पेन्शनच्या कचेरीत, सगळीकडे त्यांना तीच हवी. "वाहन बरे आहे," ते लोकांना सांगत. "चिरंजीवांना प्रथम दोनच चाकांची कल्पना होती." मी मागच्या सीटवरच राहिले.

मग यजमानांना सहा महिन्यांसाठी कॉलेजने कलकत्त्याला पाठवलं. पहिल्या महिन्याच्या पेन्शनच्या दिवशी मामंजी नेहमीच्या वेळेला कोट घालून साइडकारमध्ये जाऊन बसले. मी म्हटलं, "मामंजी, चालवणार कोण? रिक्षा बोलावू का?"

"ही पडत नाही ना?"

"नाही."

"तुम्ही सायकल चालवीत होतात ना पुण्यास?"

"हो, पण—"

"तर मग."

पंधरा दिवस रोज पहाटे त्या मेकॅनिकने मला मरीनाच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवलं. त्या महिन्याची पेन्शन तेवढी थांबली. मामंजी प्रत्येक दिवशी शेजारी बसून होते. पुण्याला यातलं काही मी कळवलं नाही. पहिल्यांदा गर्दीत गेले ते माउंट रोडला. बसमधली माणसं खिडक्यांतून बाहेर वाकली, एक पोलीस हात दाखवायचा विसरला. माझे हात घामाने हँडलवरून सुटत होते.

"लोक बघताहेत, मामंजी," मी म्हटलं.

त्यांनी छत्री नीट आडवी केली. "तुम्ही पुढे पाहा," ते म्हणाले. "पाहणे त्यांचे काम. उजवीकडे वळायचे आहे."

मी उजवीकडे वळले.