वत्सलाबाईंची काचपेटी

शाळेतून आल्यावर वत्सलाबाई चपला काढायच्याही आधी माशांच्या काचपेटीसमोर उकिडव्या बसत. पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हाही माझ्याकडं न बघता त्यांनी नुसता हात वर केला. "थांब जरा. खाली भांडण लागलंय."

भूमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. मी तिथं नव्यानं लागले आणि त्यांच्याच दोन खोल्यांत राहू लागले. बाईंचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नव्हतं. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या भावानं त्यांना करंगळीएवढ्या परदेशी माशांची जोडी डब्यातून आणून दिली होती. सिक्लिड म्हणत त्यांना, बुटक्या जातीचे. सोबतीला बाईंनी नदीतल्या मुऱ्या आणून सोडल्या होत्या, वाळूत तोंड खुपसून राहणारे बारके मासे. अडचण अशी, की सिक्लिडची मादीही तळालाच, खापराच्या आडोशाला अंडी घाली. मुऱ्यांनी एकदा ती सगळी खाऊन टाकली. "त्यांचा काय दोष? त्यांना तळच ठाऊक," बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

उन्हाळ्यात मादीनं पुन्हा अंडी घातली आणि या खेपेला पिल्लं निघाली. मादी पिवळीजर्द झाली आणि जवळ येईल त्या मुरीवर तुटून पडू लागली. नेमकी तेव्हाच गल्लीतली विहीर आटली. घरटी एक घागर पाणी मिळू लागलं. आमच्याकडं पेटीभर पाणी आहे, हे गल्लीत पसरायला वेळ लागला नाही.

एका सकाळी शेजारच्या शेवंताबाई आणखी काही बायकांना घेऊन दारात आल्या.

"बाई, आमची लेकरं कोरड्या घशानं निजत्यात, अन् तुमी मासं पाळता व्हय?"

"पेटीत मी माझ्या वाट्याचंच पाणी घालते, शेवंताबाई."

"वाटा कुणाचा का असंना. पाणीच हाय न्हवं ते?"

बायका गेल्यावर मी दार लावलं, तेव्हा बाई पुन्हा पेटीसमोर जाऊन बसल्या होत्या.

त्याच आठवड्यात फळ्यावर आकृती काढता काढता त्या कोसळल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी जीभ बघितली आणि मलाच विचारलं, "या पाणी पीत नाहीत का?" तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. घरी आणल्यावर मी चिडून म्हणाले, "माशांपायी जीव देणार आहात का?"

"मुऱ्या हलवल्या तर कमी पाण्यात भागेल," त्या म्हणाल्या. "या पिल्लांच्या आईची धावपळही थांबेल."

नदीच्या डोहात अजून पाणी होतं. सकाळी अंगात त्राण नसताना त्या डबा घेऊन निघाल्या, मागं छत्री धरून मी. एकेक मुरी त्यांनी ओंजळीतून सोडली. "यांना परत जायला जागा तरी आहे," त्या म्हणाल्या. "हिचं घर समुद्रापार. हिला मी कुठं सोडू?"

घरी येऊन त्यांनी पेटीतलं पाणी निम्म्यावर ठेवलं. आता रोज वाचणारं तांब्याभर पाणी त्या शेवंताबाईंच्या घागरीत ओतू लागल्या. शेवंताबाई घागर मागं घेत नसत.

थोडी पिल्लं जगली. पुढं विहिरीला पाणी आलं आणि वर्षभरानं माझी जवळच्याच वाशीला बदली झाली. तिथंच एक दिवस निरोप आला, बाई तापानं गेल्या. एसटीनं मी भूमला पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

खोलीचं दार उघडंच होतं. आत शेवंताबाई पेटीवर वाकून तांब्यातलं पाणी बारीक धारेनं सोडत होत्या, वाळू उठणार नाही अशा बेतानं.

"बाईंनी सांगून ठेवलं होतं का?" मी विचारलं.

"न्हाय," त्या मागं न बघता म्हणाल्या. "पाणी लई खाली गेलं हुतं."