गाळलेला तिसरा सामना

विजेत्याच्या नावाची चौकट रिकामी होती.

बुधवारचे सव्वाअकरा वाजले होते. चारला चॅनेलचा कार्यक्रम सुरू होणार होता आणि पाचला सामना. रिहर्सलमध्ये फुटबॉलच्या या कपाचा इतिहास स्क्रीनवरून एकेक वर्ष करून सरकत होता, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच एका वर्षापुढे नाव नव्हतं. एक वर्ष सोडून पुढे पुन्हा तेच. मी कॉफी बाजूला ठेवली. मी मुळातच भित्री आहे. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, साधं पत्र आलं तरी ते मी आधी नवऱ्याला उघडायला देते.

टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू असताना खाली जी पट्टी येते, कोणी किती गोल केले, याआधी कोण जिंकलं, ती माहिती आमची लंडनमधली छोटी कंपनी पुरवते. माझं पद होतं डेटा क्वालिटी लीड. म्हणजे धान्य निवडणारी बाई. खडे काढायचे, दाणे ठेवायचे. फुटबॉल मला कळत नाही. नागपूरला असताना मी एकही सामना पुरा पाहिला नव्हता. पण खडे काढायला स्वयंपाक यावा लागत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत असे.

आता त्या कपाबद्दल. वर्षातून एकदा खंडांचे विजेते क्लब एकमेकांशी खेळतात. आता त्यात बरेच खंड आलेत, पण पूर्वी फक्त दोनच होते, युरोप आणि दक्षिण अमेरिका. दोन सामने व्हायचे, एक तुमच्या गावात, एक आमच्या. पुढे मैदानावर इतक्या मारामाऱ्या होऊ लागल्या की युरोपचे काही विजेते जायलाच नकार देत. मग एकच सामना ठेवला आणि तो जपानला नेला. हे सगळं मला आमची माहिती तपासणाऱ्या पेणकर काकांनी सांगितलं. मात्र एक गोष्ट मला त्यांच्याकडून ऐकायची राहून गेली होती. सुरुवातीच्या वर्षांत दोन सामन्यांतल्या गोलांची बेरीज धरत नसत. दोघांनी एकेक सामना जिंकला की झाली बरोबरी, मग कोणी कितीही गोल केलेले असोत. आणि बरोबरी झाली की तिसरा सामना.

त्या रिकाम्या वर्षी पोर्तुगालचा क्लब आपल्या घरी एक-शून्य जिंकला. मग उरुग्वेला जाऊन पाच-शून्य हरला. कोणीही म्हणेल, पाच-एक, संपलं. संपलं नव्हतं. दोन दिवसांनी त्याच मैदानावर तेच दोन क्लब पुन्हा खेळले आणि उरुग्वेवाले दोन-एक जिंकले. कप तेव्हा मिळाला.

आमच्या जुन्या डेटामध्ये एकच सामना दोनदा टाइप झाल्याचे प्रकार खूप होते. म्हणून मी एक नियम लिहिला होता. तेच दोन क्लब, तेच मैदान आणि तीन दिवसांच्या आत दोन नोंदी असतील, तर दुसरी नोंद डुप्लिकेट. तिला संशयित म्हणून बाजूला काढायचं, माणसाने तपासायचं आणि मग डिलीट. या नियमाबद्दल टीम मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं होतं आणि मी तीन दिवस हवेत होते. त्याच नियमात उरुग्वेचा तिसरा सामना सापडला. ब्राझीलचाही. दुसऱ्या रिकाम्या चौकटीची गोष्ट तीच आहे, म्हणून मी एकीचीच सांगते.

तपासणारा माणूस म्हणजे सायमन पेणकर. वय एक्याऐंशी, राहणार इल्फर्ड, मूळचे मुंबईचे. घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातले. तरुणपणी इथे आले, नोकरी करून रिटायर झाले आणि आयुष्यभर फुटबॉलची कात्रणं जमवत राहिले. कंपनीने त्यांना फॅक्ट-चेकर म्हणून ठेवलं होतं. बायको रिबेका गेल्यावर घरात ते आणि कात्रणांच्या फाइली, एवढंच उरलं. पहिल्यांदा फोनवर माझं नाव ऐकलं तेव्हा ते थबकले आणि म्हणाले, मराठी का गो तू? तेव्हापासून आमचं काम मराठीतच चालायचं.

आमच्याकडे नियम असा की लीडने काढलेल्या प्रत्येक नोंदीवर दुसऱ्या माणसाने स्वतःच्या लॉगिनमधून टिक करायची. काकांना पोर्टल जमत नसे. ते चिडत, पासवर्ड विसरत. मग आमची एक पद्धत पडली. मी फोनवर यादी वाचायची, ते हो-नाही सांगणार, आणि त्यांच्या लॉगिनमध्ये जाऊन टिक मी करणार. त्यांचा पासवर्ड माझ्या ड्रॉवरमध्ये पिवळ्या चिठ्ठीवर होता. दोन वर्षं हे चाललं. मला त्यात मदत दिसायची, मोडलेला नियम दिसायचा नाही.

त्या शुक्रवारी, म्हणजे सामन्याच्या तीन आठवडे आधी, यादी वाचताना उरुग्वेपाशी काका थांबले. म्हणाले, हे दोन्ही मी कात्रण बघून सांगतो. पाच वाजता माझं रिलीज होतं, म्हणजे साफ केलेला डेटा चॅनेलांकडे जायचा होता. नंतर मी मीटिंगमध्ये गेले, फोन सायलेंटवर. बाहेर आले तर त्यांचा साडेतीनचा मिस्ड कॉल. परत लावला, तर उचलला नाही. नोव्हेंबरअखेर इथे चारच्या आत सूर्य मावळतो, आणि शुक्रवारी सूर्य मावळला की काका शनिवार संध्याकाळपर्यंत फोनला हात लावत नाहीत. शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. मला हे माहीत होतं. मी दहा मिनिटं वाट पाहिली आणि उरलेल्या दोन टिका करून टाकल्या. सोमवारी विचारू म्हटलं. सोमवारी दुसरं काही निघालं. या कपाकडे वर्षातून एकदाच कोणी बघतं, त्यामुळे भोक तीन आठवडे कोणाला दिसलं नाही.

दुरुस्ती सोपी निघाली. बॅकअपमध्ये दोन्ही सामने शाबूत होते. मी काकांना फोन केला, त्यांनी कात्रणांवरून स्कोअर वाचले, मी जुळवले. दीड वाजता चौकटी भरल्या. काकांनी फक्त एवढंच विचारलं, की ते गेलेच कसे? मी म्हटलं, बघते.

मग ग्रॅहमने बोलावलं. ग्रॅहम माझा मॅनेजर. कधी आवाज चढवत नाही, म्हणून त्याची जास्तच भीती वाटते. त्याने ऑडिट लॉग उघडला होता. लॉग म्हणजे कोणी, कधी, काय केलं याची आपोआप होणारी नोंद. रिव्ह्यूच्या रकान्यात नाव होतं सायमन पेणकर.

"बिचारा," ग्रॅहम म्हणाला. "एक्याऐंशीचा आहे ना? चूक आपलीच. या वयात इतकं काम द्यायला नको होतं." मग म्हणाला, की तो स्वतःच सायमनशी बोलेल आणि नवीन वर्षात कॉन्ट्रॅक्ट पुढे चालवायचं नाही. तुझा नियम ठीक होता, तपासणी चुकली, हेही म्हणाला.

मी मान हलवली. होकाराची. ते डोलणं मला अजून आठवतं आणि लाज वाटते. पण तेव्हा पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. आमच्या घरात व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. नवरा डिपेंडंट, मुलगी स्टॅनमोरच्या शाळेत. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधा, नाहीतर सामान बांधा. चूक झाली तर माफी मिळते. दुसऱ्याच्या नावाने टिक करणं म्हणजे खोटी सही, आणि त्याला इथे माफी नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

अडीचला काकांचा फोन आला. नेहमी ते नमस्कार-चमत्कार न करता थेट स्कोअरवर येतात. या वेळी आधी माझं नाव घेतलं.

"मृणाल, मी हो म्हटलं होतं का गो?"

मी काही सांगायच्या आत तेच पुढे बोलू लागले.

"मला आपलं वाटतंय, मी तुला मेसेज ठेवला होता. काढू नको म्हणून. पण ग्रॅहम म्हणतो, रेकॉर्डला माझी टिक आहे. रेकॉर्ड कशाला खोटं बोलेल?" मग म्हणाले, "रिबेकाचं असंच सुरू झालं होतं. केलेलं आठवायचं नाही, आणि न केलेलं आठवायचं. उद्या जीपीकडे जातो, डॉक्टरांना दाखवून घेतो."

रिबेकाकाकू शेवटची दोन वर्षं त्यांना ओळखत नव्हत्या. मी म्हटलं, काका, मी करते तुम्हाला फोन. आणि कट केला.

व्हॉइसमेल. फोन उचलला नाही की समोरचा बोलून ठेवतो तो निरोप आपल्याकडची माणसं ऐकत नाहीत. मिस्ड कॉल दिसला की परत फोन करतो, संपलं. माझ्या फोनवर न ऐकलेल्या मेसेजेसची रांग होती. फायर एक्झिटच्या जिन्यात जाऊन मी तो शुक्रवारचा साडेतीनचा काढला.

"मृणाल, सायमन काका. तो उरुग्वेचा काढू नको. ब्राझीलचा पण नको. ते तिसरे सामने आहेत, वेगळे. तेव्हा गोलांची बेरीज धरत नसत. खिडकीपाशी उभा राहून कात्रण वाचतोय, उजेड चाललाय. आता दिवे लावतो. रविवारी बोलू. शब्बाथ शालोम."

खोटं सांगत नाही, माझा अंगठा डिलीटवर होता. या मेसेजबद्दल दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता. मी पुसला असता तर काका दुसऱ्या दिवशी जीपीसमोर बसून आज वार कोणता या प्रश्नाचं उत्तर घाबरत घाबरत देणार होते. आणि जन्मभर मनात धरून राहणार होते, की आपली सुरुवात झाली. व्हिसाची भीती होतीच, पण हे डोळ्यांसमोर आलं आणि मी अंगठा उचलला. मी जिना उतरून ग्रॅहमकडे गेले. शौर्य वगैरे काही नव्हतं.

ग्रॅहमच्या केबिनमध्ये मी मेसेज लावला. तेव्हा लक्षात आलं, की तो मराठीत आहे. ग्रॅहमला त्यातलं एक नाव आणि दोन देश तेवढे कळले. मी काहीही अर्थ सांगितला असता तरी त्याने मानलं असतं. मी एकेक वाक्य थांबवून इंग्रजीत सांगत गेले. स्वतःविरुद्धची साक्ष स्वतःच भाषांतर करून द्यायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

"मग टिक कोणी केली?" ग्रॅहमने विचारलं.

"मी. त्यांच्या लॉगिनने."

"एकदाच?"

"दोन वर्षं."

त्याने समोरचा लॉग बंद केला. मग म्हणाला, जागेवर जाऊन बस, आजचा दिवस कशालाही हात लावू नकोस. त्याचा आवाज तेव्हाही चढला नाही.

पावणेचारला मी काकांना फोन केला. म्हटलं, तुम्ही विसरला नव्हतात. मेसेज होता, मी ऐकला नाही. ते म्हणाले, ऐकव. मी मोबाइल ऑफिसच्या फोनच्या रिसीव्हरपाशी धरून तो लावला. त्यांनी स्वतःचा आवाज शेवटपर्यंत ऐकला.

"म्हणजे मी खिडकीपाशीच उभा होतो," ते हळूच म्हणाले. मग, "आणि टिक?"

"मी केली, काका."

"हे वाईट केलंस, मृणाल." आणि फोन ठेवला. नेहमीचं गो त्यात नव्हतं. त्यानंतर चार दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही.

चारला कार्यक्रम सुरू झाला. वर्षं सरकली, दोन्ही चौकटींत नावं आली आणि गेली. जगात कोणाच्याही लक्षात काही आलं नाही. आमच्या धंद्यात काम बरोबर झालं की असंच होतं.

एचआरच्या दोन मीटिंगा झाल्या. त्या दिवसांत मी घरी रिकामी खोकी बघून ठेवली होती. फायनल रिटन वॉर्निंग, म्हणजे शेवटची लेखी ताकीद मिळाली, लीडपद गेलं, तीन महिने डिलीटचा अधिकार बंद. स्वतःहून सांगितलं, एवढी एकच ओळ माझ्या बाजूने होती. नोकरी राहिली, म्हणजे व्हिसा राहिला. काकांचं कॉन्ट्रॅक्टही राहिलं. दोन वर्षांच्या सगळ्या टिका त्यांनी स्वतः पुन्हा तपासल्या, आणि माझ्या आणखी तीन चुका शोधून काढल्या. आता ते पोर्टलमध्ये आपल्या हाताने टिक करतात. एकेका टिकेला दहा मिनिटं लागतात. टिक केली की फोन करून सांगतात, मी उचलला नाही तर मेसेज ठेवतात.

पाचव्या दिवशी त्यांनी फोन घेतला तेव्हा मी जीपीचं विचारलं. गेले होते म्हणाले, अपॉइंटमेंट घेतलेली वाया कशाला घालवायची. वार विचारला, पंतप्रधान विचारला, सगळं बरोबर आलं. मग डॉक्टरीणबाईंना उरुग्वेचे तिन्ही स्कोअर सांगून आले.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच. दुसऱ्याच्या नावापुढे आपण टिक करू नये, त्याची कितीही सोय होत असली तरी. आणि व्हॉइसमेल ऐकावा.