आम्ही सांभाळलेली बावडी

आमच्या खात्याचे किस्से सांगायला बसलं की एकाचं शेपूट धरून दुसरा येतो. लोक पोट धरून हसतात. माझं मात्र आजही डोकं फिरतं!

सत्तरच्या दशकात नागपुरात, जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या ऑफिसात मी ओव्हरसियर होतो. काटोल रोडपासून आत एका खेड्यात भोसल्यांच्या काळातली पायऱ्यांची बावडी होती; गाव तिचंच पाणी प्यायचं. ती 'संरक्षित' झाली. वास्तूला कोणी इजा करू नये, असा निळा बोर्ड आला. कंत्राटदाराने तो कमानीवरच्या दगडी मोराला भोकं पाडून ठोकला! मी भांडलो, तर साहेब म्हणाले, "बोर्ड लोकांना दिसायला नको?"

* * *

मग मंत्र्यांचा दौरा ठरला. घाईघाईने अख्ख्या बावडीला चुना फासला. मंत्री आलेच नाहीत. चुना पाण्यात उतरला, पाणी पांढरं झालं. गावकरी तक्रार घेऊन आले, तेव्हा साहेबांनी बावडीला फाटक बसवून कुलूपच ठोकलं. तक्रार मिटली म्हणे!

* * *

दर उन्हाळ्यात बायका बावडीतला गाळ उपसत. कुलूप लागल्यावर तेही बंद. पिंपळाने पायऱ्या उचकटल्या आणि गाव नाल्याचं पाणी पिऊ लागलं. बावडीशेजारची अनसूयाबाई मला अडवून म्हणाली, "कुलूप काहून लावलं बाबू? आमी काय पायऱ्या खाऊन राहिलो होतो?"

मी साहेबांकडे चावी मागितली. संरक्षित वास्तूत पब्लिक सोडता येत नाही, असं त्यांनी मलाच सुनावलं. अशा खात्याचा पगार घ्यायची मला लाज वाटली.

* * *

अनसूयाबाईच्या आवारात एक पडकं दगडी देऊळ होतं. आत देव नव्हता, पण भिंतींवर नाचणाऱ्या बायका अशा कोरलेल्या की बघत राहावं. नवा होतो तेव्हा उत्साहाने मीच त्याचा रिपोर्ट पाठवला होता. तो आता मंजूर झाला. साहेब जीपमध्ये बोर्ड आणि कुलूप घेऊनच निघाले.

पोचलो, तर भिंती मातीने लिंपलेल्या, वर छतापर्यंत गोवऱ्या थापलेल्या, मधोमध गाय. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. देऊळ कुठे आहे, म्हणून विचारलं.

"देऊळ नाही साहेब, गोठा होय माहा," अनसूयाबाई म्हणाली.

साहेब माझ्याकडे बघू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातली एक गोवरी निसटून पडली. तिच्याखाली पैंजण घातलेला दगडी पाय होता. अनसूयाबाईने तो पाहिला, मीही पाहिला.

मी सरकून त्या पायासमोर उभा राहिलो.

"रिपोर्टच चुकला सर," मी म्हणालो. "गोठाच आहे हा."