खोकल्यासकट इतिवृत्त

ग्रामपंचायतीत काहीही हरवतं. दाखल्यांचं पुस्तक हरवतं, शिक्का हरवतो, टाळ्याची किल्ली तर दर महिन्याला हरवते. किस्से तेवढे हरवत नाहीत. उलट एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो.

आमचं गाव डिंभ्याच्या धरणाजवळ. माझा दादा चार वर्षं गावचा सरपंच होता. मी त्याच ग्रामपंचायतीत शिपाई आणि पाणी सोडणारा. (त्याच्या आधीपासून हां, त्यानं चिकटवलेला नाही!) शिक्षण आठवी नापास, तेही दोनदा, म्हणजे बेरीज केली तर सोळावी!

यंदा जूनमध्ये दादा गेला. त्याच्या शेवटच्या ग्रामसभेचं पान माझ्या अक्षरात आहे, आणि त्या पानावर मी त्याला बोललेलं एक वाक्य आहे. पंधरा ऑगस्टच्या सभेत ते पान मला गावापुढं वाचायचं होतं. ते वाक्य वाचायचं की गाळायचं, ह्या विचारात मी दोन महिने नीट झोपलो नाही. त्यामुळे किस्से मात्र बरेच आठवले.

*

आधी ह्या वहीचा किस्सा. दादा सरपंच झाला तेव्हा सभेचं इतिवृत्त ग्रामसेवक भाऊसाहेब लिहायचे. एका सभेत रस्त्यावरून एवढी जुंपली की एकाचा सदरा फाटला. दादानं इतिवृत्त उघडलं तर आत एकच ओळ. ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’

दादा म्हणाला, “भाऊसाहेब, ह्यात सदरा कुठाय?”

“सरपंच, सदऱ्यासाठी रकाना नसतो.”

मग दादानं दुसरी वही काढली. सभेत जे बोललं जाईल ते तसंच्या तसं लिहायचं. पुढच्या सभेत ते मोठ्यानं वाचायचं. चुकलं असेल तर ज्यानं त्यानं उठून दुरुस्ती सांगायची. शेवटी गावानं ‘कायम’ म्हणायचं, की ते पक्कं.

लिहिणार कोण? भाऊसाहेबांनी हात जोडले, “मला अजून नोकरी करायचीय.” दादानं माझ्याकडं बोट केलं.

“ह्यो? ह्याला काय येतंय?” सगळे हसले.

“म्हणूनच. शिकलेला माणूस ऐकलेलं सुधारून लिहितो. ह्याला सुधारता येतच न्हाई.”

मला लई अभिमान वाटला. हे कौतुक नव्हतं, हे तिसऱ्या दिवशी पाण्याचा व्हॉल फिरवताना कळलं!

*

पहिल्या सभेत मी एक अक्षर सोडलं नाही. पुढच्या सभेत उभा राहून वाचायला लागलो, “उपसरपंच नाना. खोकला. खोकला. माझा विरोध न्हाई, पण. खोकला. नानांचा फोन वाजला. नाना फोनवर, मी पुण्यात हाय, संध्याकाळी बोलू.”

तिसऱ्या रांगेतून नानांचे मेहुणे उठले. “दाजी, त्यो फोन मीच केला व्हता!”

नाना लालबुंद. “सरपंच, ही वही बंद करा!”

दादा म्हणाला, “वही चालू राहू द्या, नाना. फोन बंद ठेवत जावा.”

त्याच्या पुढच्या सभेला गाव असं गप्प बसलं की जणू शाळेची तपासणी आहे. मी पेन खाली ठेवलं. दादा म्हणाला, “गप्प बसलेलं पण लिही.” ते पान अजून आहे. ‘सगळे गप. नाना पंख्याकडं बघतात. पंखा बंद हाय.’

*

तालुक्याहून एक साहेब तपासणीला येणार होते. दादा म्हणाला, ऑफिसच्या भिंतीवर ‘पारदर्शक कारभार’ असं रंगवून घे. पेंटरनं विचारलं, कसं लिहायचं? मी ऐटीत कागदावर लिहून दिलं. पेंटर माझ्याच वर्गातला, त्यामुळे त्यालाही काही खटकलं नाही.

सकाळी भिंतीवर हातभर अक्षरात ‘पारदशक कारभार’! रफार गायब.

दुपारपर्यंत विरोधकांनी अर्थ लावला. पारावर एकजण सांगत होता, “पार दशक! म्हंजी पार दहा वर्सं खुर्ची सोडायची न्हाई, असं भिंतीवरच लिवलंय बघा!”

मी चुना घेऊन पुसायला धावलो. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. साहेबांनी चष्मा वर-खाली करून वाचलं. “सरपंच, ही चूक आहे.”

दादा म्हणाला, “हाय की, साहेब. आन सगळ्या गावाला दिसतीया. मग झालाच की पारदर्शक!”

साहेब हसले. मी चुन्याची बादली घेऊन तसाच उभा. उत्साहाच्या भरात निम्मा चुना मी माझ्याच पॅंटवर सांडला होता.

*

एका सभेत हौसाआक्का उठली. वरच्या आळीची म्हातारी, माइक न घेता धरणापलीकडं ऐकू जाणारी. “पाणी सोडनारा घोरत पडतो. आमच्या आळीला पाणी येतं तवा बाया रानात गेलेल्या असत्यात. सरपंचाचा भाऊ म्हनून कोन बोलंना, मी बोलते!”

माझ्याबद्दलची तक्रार मलाच लिहायची होती. मी ती मुंगीएवढ्या अक्षरात लिहिली. दादानं वही उजेडात धरली. “बाकीचं एवढं ठळक, आन हेच बारीक का रं?” आणि दुसऱ्या दिवशी मला ‘कारणे दाखवा’ नोटीस काढली.

आता नोटीस बजावायचं काम शिपायाचं, आणि शिपाई मीच. मी मलाच नोटीस दिली, मीच सही केली, आणि पोच भाऊसाहेबांना नेऊन दिली. खुलाशात खरं ते लिहिलं, ‘झोप लागली.’

दादानं खाली शेरा मारला. ‘कारण खरे आहे. मंजूर. परत लागू देऊ नये.’

रात्री एकाच ताटात जेवताना त्या विषयावर तो एक शब्द बोलला नाही. ऑफिसचं ऑफिसात!

*

मेच्या सभेत दादानं ठराव आणला. व्हॉल किती वाजता सोडला ते फळ्यावर लिहायचं, आणि आळीतल्या एका बाईनं खाली सही करायची. गाव टाळ्या वाजवत होतं. माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला तसंही फार काही लागत नाही. मी उभा राहून ओरडलो, आणि ओरडलेलं खाली मान घालून लिहून काढलं. दादा वहीत डोकावून काहीतरी म्हणाला, मान वर न करता तेही लिहिलं. नियम म्हणजे नियम! मग वही टेबलावर टाकून निघून गेलो, आणि कामाला गेलोच नाही.

माझ्या जागी रोज पहाटे दादाच व्हॉल सोडायला जायचा. फळ्यावर वेळ लिहायचा, बायांची सही घ्यायचा. जूनमध्ये अशाच एका पहाटे धरणाच्या वळणावर त्याची मोटारसायकल घसरली.

पंधरा ऑगस्टला सभा भरली. खुर्चीत नाना होते. त्यांनी मला जवळ ओढून हळूच सांगितलं, “बाळा, तेवढं वाक्य गाळ. कोनाच्या ध्यानात हाय?”

भाऊसाहेब म्हणाले, “माझ्या इतिवृत्तात तर नाहीच ते. ‘सविस्तर चर्चा’ एवढंच आहे.”

मी मान हलवली. गाळायचं, असं ठरवूनच उभा राहिलो. वाचत वाचत तिथं आलो आणि थांबलो. पुढची ओळ डोळ्यांना दिसत होती, तिच्यावर उडी मारून जायचं, बस्स. पण मला सुधारून वाचता येत नाही.

“पाणी सोडणारा म्हणाला, दादा, तू सरपंच हायस तवर मी ह्या हापिसात पाउल टाकणार न्हाई.”

मी बोट पुढच्या ओळीवर नेलं.

“सरपंच वहीत बघून म्हणाले, ‘पाऊल’मधला ऊ दीर्घ काढ, आन राग ऱ्हस्व ठेव.”

पान संपलं. नानांनी घसा साफ केला. “कोनाची काय दुरुस्ती?”

हौसाआक्का गुडघ्यावर हात टेकून उठली.

“हाय. माझी हाय.”

“बोल, आक्का.”

“एवढं बोलून त्यो हसला व्हता. ते लिवायचं राह्यलंय.”

मी तिच्याकडं बघितलं. “आक्का, मी खाली बघत व्हतो. खरंच हसला व्हता?”

“लई.”

मी पेन काढलं आणि समासात लिहिलं, ‘सरपंच हसले. लई.’ मग मोठ्यानं वाचून दाखवलं.

नानांनी विचारलं, “मंडळी, कायम?”

सगळं गाव म्हणालं, “कायम!”