तांबड्या एरंडाची रांग

ईट गावच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी जेमतेम एकोणीस वर्षांची होते. निजामाचं राज्य भारतात विलीन झाल्यानंतरचे ते दिवस. कचेरीतले कागद उर्दूतून मराठीत येत होते आणि गावोगाव मुलींच्या शाळा निघत होत्या. आमच्या शाळेला दोन खोल्या आणि पुढं मुरमाड पटांगण, एवढंच. पहिल्या हिवाळ्यात त्या पटांगणाकडं बघून माझा जीव उबगायचा. मातीची भिंत, मुरूम, वाळकं गवत. सगळं एकाच मळक्या रंगाचं. मी झेंडू लावला, गुलबक्षी लावली. शेळ्यांनी आठ दिवसांत दोन्ही फस्त केली. तरी मनाशी ठरवलं, पुढच्या थंडीत इथं रंग दिसलाच पाहिजे.

मी भाड्यानं राहत होते त्या खोलीमागं एक म्हातारे चाचा राहायचे. निजामाच्या काळात ते डाकबंगल्यावर माळी होते. त्यांच्या परसात तांबड्या एरंडाची पाच झुडपं होती. थंडीत त्यांची पानं बरीचशी झडायची आणि मग नुसत्या फांद्या दिसायच्या, लालभडक. फांदीवर पांढुरकी पिठूळ साय असायची. अंगठा फिरवला की ती निघून जायची आणि खालून लाखेच्या बांगडीसारखा लाल रंग चमकायचा.

"चाचा, शेळ्या खातात का हो हे?"

"तोंड बी न्हाई लावत," ते म्हणाले. "बी घेऊन जावा. पण बाई, ह्याला दरसाल कापावं लागतं. कोवळ्या फांदीलाच रंग असतो. जुनी झाली की मातीवानी दिसती."

कापायचं मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. मृगात पटांगणाच्या दक्षिण कडेनं बारा बिया टोकल्या. अकरा उगवल्या. दसऱ्यापर्यंत झुडपं माझ्या डोक्यावर गेली, आणि मी त्यांच्या जोमावर इतकी खूश होते, की तुरे आले, बोंडं धरली, याकडं नुसती कौतुकानं बघत राहिले. मुली वाळलेली बोंडं फोडून ठिपक्याठिपक्यांच्या बिया मण्यांसारख्या ओवायच्या. तेही मला गोडच वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली त्याच आठवड्यात पहिलीतल्या एका मुलीनं दोन बिया चावून खाल्ल्या. दुपारच्या सुट्टीत ती ओकायला लागली ती थांबेचना. तिच्या बापानं बैलगाडी जुंपली, मी पोरीचं डोकं मांडीवर घेऊन भूमच्या दवाखान्यापर्यंत गेले. तिची आई समोर बसली होती. वाटभर ती माझ्याकडं न बघता पोरीचे तळपाय चोळत राहिली. मला वाटत होतं, तिनं मला शिव्या तरी द्याव्यात.

पोरगी वाचली. तिसऱ्या दिवशी भाताची पेज पिऊन बसली. चौथ्या दिवशी तिची आई हातात कोयता घेऊन शाळेत आली.

"बाई, ही झाडं तुमची व्हय?"

"हो. माझीच चूक झाली. मला समजायला हवं होतं."

"आता समजलं का?" असं म्हणून तिनं पदर खोचला आणि पहिल्या झुडपावर घाव घातला. वर्ग सोडून मुली ओट्यावर आल्या. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकाही आल्या, पण त्यांनी तिला अडवलं नाही. मी अडवणार तरी कुठल्या तोंडानं! एकामागून एक अकराही झुडपं आडवी झाली. गुडघ्याएवढी खुंटं तेवढी उरली. संध्याकाळी मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्या खुंटंही उपटून टाका."

मी घरी जाऊन चाचांसमोर रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "केवढी खुंटं ठेवली तिनं?"

मी गुडघ्याला हात लावून दाखवलं.

"मग तुमचं काम तिनं केलं की! लई बरोबर कापलं. आता फिकर कसली करता? पाणी घाला. अन् तुरा दिसला की मोडा. बोंड धरूच देऊ नका."

सकाळी मी मोठ्या बाईंना गाठलं. म्हटलं, "एक हिवाळा द्या मला. या झाडांवर एक जरी बोंड दिसलं, तर मी स्वतःच्या हातानं मुळं खणून काढीन."

"अन् पुन्हा पोर आजारी पडली तर?"

"पडणार नाही. रोज बघेन मी."

त्यांनी मानेनंच होकार दिला. तिथून मी त्या पोरीच्या घरी गेले. आईला तेच सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मी येऊन बघणार हाय."

रोज शाळा सुटली की विहिरीवरून बारा घागरी मी एकटी आणायची. खांदे भरून यायचे. जमिनीवर सांडलेली प्रत्येक बी मी गुडघे टेकून वेचली आणि चुलीत घातली. पंधरा दिवसांत खुंटांना डोळे फुटले. रोज सकाळी प्रार्थनेआधी मी एकेक फांदी तपासायची. तुऱ्याचा कोंब दिसला की मोडायची.

दर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, ती आई यायची. आत न येता कडेनं चालत अकराही झुडपं न्याहाळायची आणि निघून जायची. एकदा तिनं पानाआड लपलेला एक तुरा काढून माझ्या हातावर ठेवला. "हे चुकलं तुमचं," एवढंच म्हणाली. मी शरमले, आणि दुसऱ्या दिवसापासून दोनदा तपासायला लागले.

संक्रांतीपर्यंत कमरेएवढ्या फांद्या आल्या. मी खालची पानं खुडून टाकली. सकाळचं तिरपं ऊन आलं की पटांगणाची ती कड पेटल्यासारखी लाल दिसायची. रस्त्यानं जाणारे गाडीवान बैल थांबवून बघायचे.

हळदीकुंकवाला शाळेत बाया आल्या. ती आईही आली, पोरीचा हात धरून. फांदीवर अंगठा फिरवून तिनं वरची साय पुसली, लाल रंग बघितला आणि म्हणाली, "दिसतंय चांगलं." मग विचारलं, "पुढच्या साली कापायचं कधी?"

"पावसाच्या आधी."

"मग मला सांगा. तुमच्या हातानं कापणं व्हायचं न्हाई."

पुढची दोन वर्षं तिनंच कापणी केली, त्याच कोयत्यानं, आणि मी फांद्या गोळा केल्या. तिसऱ्या वर्षी माझी बेंबळीला बदली झाली. निघताना मी तिला तुरे मोडायचं काम सांगायला गेले, तर ती म्हणाली, "ते मी कधीपासून करतीया. तुमाला रविवारी सुट्टी असती, बाई. झाडाला असती का?"