कव्हरमामा आणि न अडकणारी बंदूक

आमच्या बँकेच्या दारात एकोणीस वर्षं एक माणूस उभा होता. माघारी आम्ही त्यांना कव्हरमामा म्हणायचो, समोर नुसतं मामा. मी कॅशियर. माझ्या काचेतून दार सरळ दिसतं, त्यामुळे नवऱ्याच्या तोंडापेक्षा मी मामांची पाठ जास्त पाहिली आहे.

उघडी वस्तू दिसली की मामांना चैन पडायचं नाही. स्टुलाला कव्हर, डब्याला पिशवी, पिशवीला पिशवी, ओळखपत्राला प्लास्टिक आणि त्या प्लास्टिकला ओरखडे पडू नयेत म्हणून वरून आणखी एक. एकदा त्यांच्या घरी गेले होते. सोफा दुकानातून आला तसा प्लास्टिकमध्ये. बसलं की करकर वाजायचा. मामी पाणी देता देता म्हणाल्या, "या घरात कव्हराशिवाय मी एकटीच." मामा गंभीरपणे म्हणाले, "तू कुठे झिजतेस."

त्यांच्याकडे जुनी दुनळी बंदूक होती. चांगली होती. पण मुख्य कार्यालयातल्या लोकांना, ज्यांनी शाखेचं दार फक्त फोटोत पाहिलंय, आधुनिक व्हायची हुक्की आली. त्यांनी सगळ्या शाखांना पंप-ॲक्शन बंदुका पाठवल्या. नळीखालची मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची, की नवं काडतूस नळीत. जुन्या बंदुका जमा केल्या. मामांनी माहितीपुस्तक तीन दिवसांत पाठ केलं आणि दोन वर्षांच्या हमीचं कार्ड त्याच संध्याकाळी लॅमिनेट करून आणलं. मला कौतुकाने दाखवलंही.

मग वार्षिक सरावाचा दिवस आला. गावाबाहेरच्या मैदानावर सगळ्या शाखांचे रखवालदार जमले, प्रत्येकाला पाच काडतुसं. मामांचा पहिला बार उडाला. मूठ ओढली, ढकलली, तर दुसरं काडतूस तिरकं होऊन अडकलं. काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा तेच. शेवटी फॉर्म भरायचा होता, "शस्त्र: ठीक / नादुरुस्त". बाकी सगळ्यांनी "ठीक"वर खूण केली आणि चहाला पळाले. मामांनी "नादुरुस्त"वर केली.

मॅनेजरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, म्हणजे आम्ही ऐकावं अशीच इच्छा.

"मामा, एकोणीस वर्षांत किती गोळ्या झाडल्यात या दारात?"

"एकही नाही, साहेब."

"मग अडकली काय आणि चालली काय? उभं तर राहायचंय."

"लोक माझ्याकडे बघून आत येतात, साहेब," मामा म्हणाले.

साहेबांनी लगेच रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीच्या सुपरवायझरला फोन लावला. हा सुपरवायझर म्हणजे स्वतःची मोटरसायकल सुरू करायला दुसऱ्याला ढकलायला लावणारा गृहस्थ. त्याने येऊन अक्कल पाजळली. "बंदूक हमीत आहे, कंपनीच्या सेंटरला दाखवा. त्यांनी दोष काढला तर बदलून मिळेल. त्यांनी ठीक म्हटलं, तर दोष हातात आहे. वय झालेल्या माणसाला मी बंदूक देत नाही. गोदामाच्या फाटकावर शिटी घेऊन बसा." मामांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. त्या दिवशी मामांनी डबा तसाच परत नेला.

नियम असा, की शस्त्रासोबत बँकेचा एक कर्मचारी प्रतिनिधी म्हणून जायला हवा. हे घोंगडं माझ्या गळ्यात आलं. "तेवढंच तुमचं फिरणं होईल," साहेब म्हणाले. बँकेच्या गाडीत मागे बसून, गुडघ्याशी बंदूक, दोन तास. फिरणं म्हणे.

सेंटरला काचेचं दार, प्लास्टिकचं झाड आणि भिंतभर एका हसऱ्या शिकाऱ्याचा फोटो. काउंटरवर एक टायवाला. त्याने कार्ड बोटांनी वाकवून पाहिलं.

"हे लॅमिनेट केलंय."

"हो," मामा खुशीत म्हणाले.

"यावर शिक्का बसत नाही. शिक्का नाही, तर तक्रारीची नोंद नाही." आणि आम्हाला पटावं म्हणून त्याने खरोखरच शिक्का मारला आणि अंगठ्याने शाई पुसून दाखवली. असं करताना त्याला केवढा आनंद झाला होता. मामा त्या पुसलेल्या जागेकडे बघत राहिले. बंदुकीकडे कोणी पाहिलंच नाही.

घरी मामांनी इस्त्री फिरवून, ब्लेड लावून ते प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न केला. प्लास्टिक निघालं, त्याबरोबर अर्धा मजकूरही निघाला. दुसरं कार्ड मिळायला दीड महिना लागला. विक्रेता म्हणे मुख्य कार्यालयाला विचारा, मुख्य कार्यालय म्हणे विक्रेत्याला. सगळी टोलवाटोलवी. तेवढे दिवस मामा तीच बंदूक घेऊन दारात उभे राहिले आणि रोज संध्याकाळी वहीत लिहीत गेले, "शस्त्र नादुरुस्त". साहेब ते पान उलटायचे तेव्हा नाकाला रुमाल लावल्यासारखं तोंड करायचे.

दुसऱ्या खेपेला कार्डावर शिक्का बसला. आतून एक तंत्रज्ञ आला. त्याने पितळेची खोटी काडतुसं भरली आणि मूठ खटाखट ओढली. पाचही सुरळीत आली आणि बाहेर पडली.

"कुठे अडकतंय?"

"बार उडाल्यावर अडकतं," मामा म्हणाले. "झाडून बघा ना."

"इथे झाडायची परवानगी नाही."

"मग दुरुस्त झाली हे कसं कळतं तुम्हाला?"

"तक्रार परत आली नाही की कळतं."

हे तो मख्ख चेहऱ्याने बोलला. मला वाटलं होतं मामा चिडतील. त्यांनी फक्त तिथल्या तिथे बंदूक कव्हरमध्ये घातली, चेन लावली, आणि ते गाडीकडे गेले. त्यांचे खांदे पडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. राहिलेले कागद उरकून मी मागून गेले.

अहवालात लिहिलं होतं, "दोष आढळला नाही. हाताळणीतील चूक." आठवड्यात मामा गोदामावर गेले आणि त्यांच्या जागी एक तिशीचा, दंड फुगवून चालणारा रखवालदार आला. बंदूक तीच. पुढच्या सरावाहून तो परतला, तेव्हा मी विचारलं, "अडकली का?"

"अडकली की, मॅडम. सगळ्यांचीच अडकते."

"फॉर्मवर काय लिहिलंत?"

"ठीक," तो म्हणाला. साहेब त्याच्यावर बेहद्द खूश आहेत.

वर्षभर जेवणाच्या सुट्टीत मी ही गोष्ट डबा उघडणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. मुख्य कार्यालय, सुपरवायझर, टायवाला, साहेब, एकेकाला नावं ठेवून. ऐकणारे हसायचे, मला बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात मामा निवृत्तीचे कागद घेऊन आले. रांगेत उभे राहिले, आपल्याच जुन्या दाराकडे पाठ करून. काम का बदललं त्याचा पुरावा जोडायचा होता. त्यांनी फाइल उघडली, प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये, आणि सेंटरचा अहवाल काचेखालून माझ्याकडे सरकवला. तोही लॅमिनेट केलेला. शेवटची ओळ अशी होती: "ग्राहकाच्या प्रतिनिधीने शस्त्र तपासून समाधान व्यक्त केले." त्याखाली माझी सही. तीस वर्षं करते तशीच, खाली दोन टिंबं देऊन.

सेंटरमध्ये त्या दिवशी साडेचार वाजले होते. ड्रायव्हर हॉर्न देत होता, टायवाल्याने बोट ठेवलं होतं, "इथे". ओळ वाचली नव्हती असं म्हणायची सोय आहे. पण मी कॅशियर आहे. वाचल्याशिवाय मी कुठेही सही करत नाही.

"मामा," मी म्हटलं.

"शाई फिकी व्हायला लागली होती, ताई," ते म्हणाले. स्टुलाच्या कव्हराबद्दल बोलायचे त्याच आवाजात. "म्हणून करून घेतलं. एक झेरॉक्स देता का?"

मी उठले, यंत्रावर कागद ठेवला, बटण दाबलं. सही अगदी स्पष्ट आली.